काखेतलं बिऱ्हाड

११ फेब्रुवारी

तू आता मला दिसत नाहीस, आणि हे काम तुझ्याच मुलाचं आहे. रस्त्यापासून व्हिलाच्या पायऱ्यांपर्यंत त्याने दोन्ही बाजूंनी सायप्रसची झाडं लावायला घेतलीत. पिस्तोइयाच्या रोपवाटिकेतून ट्रकमध्ये आडवी घालून आणलेली, माणसापेक्षा उंच, मुळं गोणपाटात गुंडाळलेली. इतकी वर्षं चुलीपाशी उभं राहून खिडकीबाहेर बघितलं, की शेतापलीकडे कबरस्थानातल्या सायप्रसची काळी टोकं दिसायची. मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायला वेळ लागतो, तेवढा वेळ मी तिकडे बघायचे. तीच आपली भेट. आता मध्ये दुसरी काळी टोकं उभी राहिली. कोणती मेलेल्यांची आणि कोणती व्हिलाच्या मालकिणीची, काही कळत नाही.

मी त्याला म्हटलं, "ओत्तोरिनो, जिवंत माणसांच्या दारात सायप्रस कोण लावतं रे?"

"आई, मालकिणीला हवेत. तोस्कानात सगळीकडे असतात."

"मग तिला म्हणावं, तोस्कानात जा."

मान खाली घालून खणत राहिला. तूही असंच करायचास.

बरं. तक्रार झाली, आता नमस्कार, बोर्तोलो. तू काही विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. गुडघे दुखतात. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे.

मी लिहायला का बसले, तेही सांगते. डॉक्टरने सांगितलं. नवा डॉक्टर आहे, मिशी अजून धड फुटलेली नाही. मी आजारी नसताना सून लोरेदाना मला त्याच्याकडे घेऊन गेली. त्याने मला तारीख विचारली. आपण कोणत्या गावात बसलोय ते विचारलं. मग कागद पुढे सरकवून म्हणाला, "आजी, यावर एक घड्याळ काढा." मी म्हटलं, "तुमच्या मनगटावर आहे की चांगलं." लोरेदाना हसली नाही. ती हल्ली कशालाच हसत नाही. तर तो म्हणाला, रोज थोडं लिहीत जा, डोकं चालतं राहतं. तिसरीपर्यंतची अक्षरं आहेत माझी, तुला चालवून घ्यावी लागतील.

१९ फेब्रुवारी

मालकीण आली होती. मिलानची, नाव लुदोविका, बूट पांढरे. फेब्रुवारीत, आमच्या चिखलात, पांढरे. बरोबर फाब्रिस नावाचा आर्किटेक्ट. मी पडवीत बसून घेवड्याचे दाणे निवडत होते. तिथली बादली जशी तिथेच असते तशी मीही, असं समजून तो तिला समजावत राहिला.

म्हणाला, हे घर बांधणाऱ्याने घर आणि शेत वेगळं धरलंच नव्हतं. मधलं उंच घर म्हणजे डोकं आणि छाती. दोन्ही अंगांच्या या कमानींच्या लांब पडव्या म्हणजे पसरलेले हात. घर उभ्या शेताला कवेत घेतं.

मी विचारलं, "मग आम्ही कुठे राहतो?"

"काय म्हणालात, आजी?"

"हा हात असेल, तर आमच्या खोल्या हाताच्या मुळाशी आल्या. म्हणजे काखेत."

मालकीण टाळी वाजवून हसली. "किती गोड आहात हो तुम्ही!" मला आजवर गोड कुणी म्हटलेलं नाही. तूही नाही. या काखेत मी लग्न होऊन आले, इथेच बाळंत झाले, माळ्यावर रेशमाचे किडे वाढवले, इथेच तुला शेवटची आंघोळ घातली. काखेचा वास काखेत राहणाऱ्याला ठाऊक.

पुढे तो दारांबद्दल बोलला. पुढचं मोठं दार आणि मागचं दार एका ओळीत आहेत. दोन्ही उघडली की रस्त्यावरच्या माणसाची नजर घराच्या पोटातून आरपार जाते, थेट मागच्या टेकडीपर्यंत. "भिंती असूनही घर मध्ये येत नाही," म्हणाला. मालकिणीने डोळे मिटून मान हलवली.

मी दाणे निवडत राहिले. म्हाताऱ्या काउंटच्या वेळी दोन्ही दारं उघडली की त्याचा अर्थ एकच असायचा. तो मध्ये उभा आहे आणि बघतोय, पाठी वाकवा. शेतात आम्ही बायका एकमेकींना ओठ न हलवता सांगायचो, "दारं उघडली गं." माझ्याबरोबर गवत कापणारी झीता तर अजून म्हणते. बाजारात कुणी रोखून बघितलं तरी म्हणायची.

जाताना आर्किटेक्टने आपल्या खोल्या मोजल्या. फितीचं दुसरं टोक ओत्तोरिनोने धरलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "ओलीसाठी, आई." चला, बरं झालं. ती भिंत कधीची पाझरते आहे.

३ मार्च

झाडं लावून झाली. आता मजा ऐक.

गावातला सेव्हेरिनो सायकलवरून जात होता. सायप्रसची रांग दिसल्याबरोबर टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुढे गेला. मग त्याचं त्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटून परत आला.

"ओलिवा, इथे कोण गेलं?"

"अजून कुणी नाही. तू आत येऊन सुरुवात कर."

त्याच्यानंतर दूधवाला, त्याच्यानंतर पाद्रीबुवा. बुवा स्वतः थबकले आणि मग म्हणाले, "माझ्या हाताखाली दोन कबरस्थानं झाली म्हणायची. पगार मात्र एकच." आपल्या गावात माणसाचा हातच तसा घडलाय. उभी काळी ओळ दिसली की टोपीकडे जातो.

मालकिणीने वरून हे सगळं बघितलं आणि ओत्तोरिनोला म्हणाली, "या गावचे लोक वास्तूचा किती मान ठेवतात!" त्याने मला येऊन सांगितलं. आम्ही दोघं हसलो. खूप दिवसांनी हसला तो. मग एकदम उठून बाहेर गेला, झाडांना पाणी घालायला.

२२ मार्च

टेकडीपलीकडे झीताकडे जाऊन आलो. शरदात तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून तिच्या मुलाने तिला तिथे वृद्धांच्या घरात ठेवलंय. नेहमी मी मागे लागते आणि कुणाला वेळ नसतो. या वेळी लोरेदाना स्वतःहून म्हणाली, "चला आई, जाऊन येऊ."

झीता खिडकीत बसली होती. मी विणलेली करडी शाल खांद्यावर. चांगलं धुतात तिथे, वास येत नव्हता.

"काय दिसतं गं इथून?" मी विचारलं.

"टेकडीची पाठ," म्हणाली. "जन्मभर तिचं तोंड बघितलं, आता ढुंगण बघते."

लोरेदाना मात्र सगळीकडे हात लावून बघत होती. "बघा आई, किती ऊन येतं. बघा, जिना नाही. बघा, न्हाणीघरात धरायला दांडा आहे." झीताच्या शेजारचा पलंग रिकामा होता. तिने मला म्हटलं, "बसून तर बघा." मी बसले. पलंग बरा होता, स्प्रिंग टोचत नव्हती. मग बाहेर जाऊन ती बराच वेळ तिथल्या ननशी बोलत राहिली. ओत्तोरिनो गाडीतून उतरलाच नाही. म्हणाला, दवाखान्याच्या वासाने त्याला मळमळतं.

नन आत आल्या तशी झीता माझ्या कानाशी लागून म्हणाली, "दारं उघडली गं." आम्ही दोघी पोरींसारख्या खिदळलो. ननना वाटलं, आम्हाला खोकला झाला.

६ एप्रिल

सुनेला कसलं खूळ लागलंय कळत नाही. माझं कपाट उपसून बसली. मोजे, परकर, रात्रीचे झगे, सगळ्यांना आतून एकेक पट्टी शिवते आहे. पांढरी पट्टी, त्यावर लाल धाग्यात माझं नाव विणलेलं.

"हे कशाला?"

"धुण्यात अदलाबदल होते, आई."

"घरात तिघं माणसं. ओत्तोरिनो माझे मोजे घालणार आहे का?"

तिच्या बोटात सुई घुसली. रक्त चोखत म्हणाली, "आणि आई, फोन वाजला तर तुम्ही उचलू नका. मी उचलेन." हे मात्र शहाणपणाचं बोलली. हल्ली रोज कुणीतरी वीज विकायला फोन करतं.

तिने पडद्याचं कापडही आणलंय. फुलाफुलांचं आहे, वाईट नाही. पण ते आपल्या एकाही खिडकीला पुरणार नाही. मापात ती पहिल्यापासून कच्चीच.

२५ एप्रिल

संत मार्कोचा दिवस. मटार-भात केला, मटार आपल्याच वाफ्यातले. ओत्तोरिनोने दोन घास खाऊन ताट सरकवलं. मालकिणीने सांगितलंय, वाफा काढून तिथे हिरवळ करायची, वरच्या सज्ज्यातून बघताना नजर अडखळते म्हणे. मी म्हटलं, नजर अडखळली तर पडून लागतं कुणाला? पण खरं सांगू, भांडायची ताकद राहिली नाही. मटार काढायला वाकले की उठताना दहा गोष्टी आठवतात आणि उठले की एकही नाही.

वरून शेत सुंदर दिसतं, मी बघितलंय. काउंटीण आजारी असताना तिला सूप द्यायला जायचे तेव्हा. आणि शेतातून घर सुंदर दिसतं, त्यातही वाद नाही. मधे जो उभा असतो त्याला दोन्हीकडचं काही दिसत नाही. त्याला मटार दिसतात.

दुपारी नातीचा फोन आला, जर्मनीहून, आइस्क्रीमच्या दुकानातून. घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी उचलला. पोरीने विचारलं, "आजी, तू फार रडलीस का?"

"कशाला रडू?"

तिने घाईने विषय बदलला. मग म्हणाली, इकडे पाऊस पडतोय, पिस्त्याला फार मागणी आहे. दिवसभर थंड डबे ढवळून पोरीचं डोकं गारठलंय.

१४ मे

झीता गेली. झोपेत. परवा इथेच पुरणार.

१६ मे

आज काय झालं ते नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

मालकिणीने आज लग्नाळू जोडपी बोलावली होती. तिला इथे लग्नं लावायचीत, त्यासाठी जागा दाखवायला. अंगणात पांढरी टेबलं, पेले, सोप्रेसा सॉसेजचे काप मांडलेले. ओत्तोरिनो नव्या सदऱ्यात पाहुण्यांच्या गाड्या लावून देत होता. आणि दोन्ही दारं सताड उघडी. टेकडीवरचा पांढरा फुलोरा घराच्या पोटातून दिसत होता.

झीताची प्रार्थना तिथे पलीकडेच झाली, त्यांच्या चॅपेलमध्ये. मला तेवढं लांब झेपलं नाही. मी काळा झगा घालून पडवीत बसले होते, गाडी कबरस्थानाकडे वळताना दिसली की काठी टेकत निघायचं म्हणून. पण मला दिसणार काय, कपाळ? सगळी झाडंच.

आणि बघते तर शवगाडी आपल्या रस्त्यावर. टेकडीपलीकडचा ड्रायव्हर, त्याने सायप्रसची रांग बघितली आणि बिनधास्त आत वळवली. मागे झीताच्या मुलाची गाडी, त्याच्या मागे उरलेले. पुढची गाडी वळली की मागच्या वळतात, मेंढरं आपण. मधे वळवायला जागा नाही, दोन्हीकडे झाडं आणि पाण्याच्या नळ्या. म्हणजे आता वर येण्याशिवाय गत नाही. आली, सावकाश, खडी वाजवत, थेट मोठ्या पायऱ्यांसमोर थांबली.

जोडप्यांचे हात पेल्यासकट तसेच राहिले. ओत्तोरिनो आधी हात हलवत धावला. मग त्याला फुलांवरचं नाव दिसलं, तसा हात खाली आला.

ड्रायव्हरने काच खाली केली. माझाच झगा काळा, म्हणून मला विचारलं, "आजी, कबरस्थान हेच ना?"

"अजून झालेलं नाही," मी म्हटलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या शेतापलीकडे आहे खरं."

मालकीण पायऱ्या उतरून आली. चेहरा बुटांसारखा पांढरा. "हे काय आहे? यांना इथे कुणी बोलावलं?"

"तुमच्या झाडांनी, बाई."

झीताचा मुलगा गाडीतून उतरून सगळ्यांची माफी मागायला लागला. मी त्याला म्हटलं, "थांब रे. माफी कसली मागतोस? तुझ्या आईने या घरचं गवत कापण्यात जन्म घातला, पण समोरच्या रस्त्याने इथे कधी पाऊल टाकलं नाही. आम्हाला बाजूचं फाटक. आली आहे तर बघू दे जरा."

आर्किटेक्टने चष्मा काढला. मी जाऊन गाडीच्या मागच्या काचेवर टिचकी मारली.

"झीता, दारं उघडली गं."

आणि पहिल्यांदाच आमच्यापैकी कुणी पाठ वाकवली नाही. मी काठीवर होते, आणि ती तर ताठच होती.

मग ओत्तोरिनो पुढे झाला. टोपी हातात घेऊन शवगाडीच्या पुढे चालत, अंगणाला वळसा घालून, त्याने ती परत रस्त्याला लावली. टेबलांमधून. मालकीण त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, आपल्या पोराला अजून कणा आहे.

पुरून झाल्यावर झीताच्या सुनेने माझी शाल परत दिली. "तुम्हीच विणली होती ना, आत्या, तुम्हीच ठेवा."

१७ मे

शाल धुवायला काढली. मानेपाशी आत पांढरी पट्टी होती. लाल धाग्यात झीताचं नाव.

मी कपाटातून माझा मोजा आणला आणि शेजारी ठेवला. तीच पट्टी, तोच लाल धागा.

बराच वेळ बघत बसले. मग घड्याळ आठवलं. मग ओलीसाठी मोजलेली भिंत. मग बसून बघितलेला पलंग, आणि पडद्याचं ते कापड, जे आपल्या एकाही खिडकीचं नाही. मग जर्मनीतली पोरगी. एवढ्या लांब आइस्क्रीम विकणाऱ्या पोरीला माहीत, आणि मी इथे चुलीपुढे बसून डॉक्टरची अक्कल काढते आहे. मूर्ख म्हातारी. इतरांच्या काखा हुंगत बसले.

रविवार होता. जेवायला तिघं बसलो. पोलेंटाच्या पाटाशेजारी मी शाल आणि मोजा मांडला, पट्ट्या वर करून. ओत्तोरिनोने बघितलं. उठला, आणि झाडांना पाणी घालायला गेला. पाऊस पडत होता.

लोरेदाना रडायला लागली. "आई, मालकिणीला इथे लग्नाची जेवणं करायचीत. आम्हाला गावात दोन खोल्या देतायत, तिसऱ्या मजल्यावर. हे नाही म्हणाले तर यांचं काम जाईल. या वयात कोण घेणार यांना?"

"हे म्हणजे कोण?"

"तुमचा मुलगा."

"मग हे सगळं तू का सांगतेस? त्याला तोंड नाही?"

"नाही हो जमत त्यांना. तीन महिने रोज म्हणतात, आज सांगतो." नाक पुसून म्हणाली, "गुरुवारी तिथून फोन येणार आहे. पलंग घेणार की नाही, ते विचारायला. घेतला नाही तर दुसऱ्याला जाईल."

"तो झीताशेजारचा?"

"तो मागच्या महिन्यातच भरला, आई."

"मग आता कोणता रिकामा आहे?"

तिने शालीवरची पट्टी बोटांनी झाकली. मला कळलं. मी पोलेंटा कापला आणि तिला वाढला. उपाशी रडून काय होणार.

२० मे

सुई घेऊन बसले होते पट्ट्या उसवायला. एक मोजा झाला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडण्याचं नाही, वयाचं. बाकीच्या राहू दिल्या. काही केलं तरी नाव माझंच आहे.

आर्किटेक्ट येऊन गेला. परवाच्या प्रकारानंतर सायप्रस काढायचे की ठेवायचे, यावर मालकिणीचा आणि त्याचा वाद चाललाय. तो म्हणतो, इथे पूर्वी तुतीच असणार. मी म्हटलं, होतीच, पानं आम्हीच ओरबाडायचो. पण मला आता त्याचं काही नाही. झाडं काढली तरी खोल्या जाणारच. कवेत कुणाला घ्यायचं, हे काखेला कुणी विचारत नाही.

बोर्तोलो, मी जाईन की भांडेन, माझं मलाच माहीत नाही. दमले आहे. तिथे ऊन आहे, जिना नाही, पलंगही वाईट नव्हता, हे सगळं खरं. पण तिथून टेकडीची पाठ दिसते, आणि तू टेकडीच्या या बाजूला. हेही खरंच.

ओत्तोरिनो तीन दिवस माझ्यासमोर आलेला नाही. पडवीतून जायचं टाळतो, मागून फिरून जातो. शवगाडीपुढे चालायला तयार, आणि आईपुढे यायला नाही. तो कणा मी परवा बघितलाय, तेव्हा त्याला तो नाहीच, असं म्हणू नकोस.

हे पान फाडून फोनखाली ठेवते आहे. लोरेदाना, तू वाचशील, त्यालाही वाचून दाखव. उद्या फोन वाजेल. तू उचलायचा नाहीस. मीही उचलणार नाही, कितीही वाजला तरी. ओत्तोरिनोने चिखलाचे बूट काढून आत यायचं, माझ्यासमोर ताठ उभं राहायचं, आणि जे काय उत्तर असेल ते त्यानेच द्यायचं.